जोडवी, मोबाईल आणि आईचा प्रश्न

यंत्रमागांचा खडखडाट थांबला की आमच्या कबनूरच्या माणसांना झोप लागत नाही. त्या आवाजावर मात करत बोलायची सवय झालेल्या आईनं दोनेक वर्षांपूर्वी मला फोनवर विचारलं, "आरं, अंगावर सोनं-चांदी आसली की मोबाईलचं रेडिएशन जास्त वढून घेतं म्हणं. शेजारच्या वैनी सांगत हुत्या. पैंजण काढून ठेवू का?"

मी घाईत होतो. "काही होत नाही गं. मोबाईलवर आलेलं सगळं खरं नसतं," असं म्हणून फोन ठेवला. मनात थोडं हसलोही. शिकलेल्या पोरांची ही एक खोड असते. आईच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, नुसता निकाल द्यायचा.

गेल्या वर्षी तिची कंबर धरली. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. मी, आई आणि आबा असे तिघे मिरजेला गेलो. तिथल्या मुलानं फॉर्म भरून घेतला आणि म्हणाला, "मावशी, अंगावरचं सगळं काढा. मंगळसूत्र, बांगड्या, पैंजण, जोडवी."

आईनं माझ्याकडे बघितलं. "त्या दिवशी तर काय हुईत न्हाई म्हणालास नव्हं?"

काय बोलणार! मी "अगं, ते वेगळं, हे वेगळं" असं काहीतरी पुटपुटलो. वेगळं म्हणजे काय, ते मलाही धड सांगता येत नव्हतं.

आईचं माहेर हुपरी. रौप्यनगरी. लहानपणापासून घरात बसून पैंजणांच्या कड्या जोडत ती मोठी झाली. ती त्या मुलाला म्हणाली, "बाळा, चांदीला लोहचुंबक लागत न्हाई. मला ठावं हाय." मुलगा भला होता. तो म्हणाला, "बरोबर आहे मावशी. ती खेचली जाणार नाही, पण तापेल. चटका बसेल."

आई गप्प झाली. मंगळसूत्र काढायची तयारी ती घरूनच करून आली होती. पिशवीतून हळकुंड बांधलेला पिवळा दोरा काढून तिनं आधी तो गळ्यात बांधला आणि मगच मंगळसूत्र काढून आबांच्या हातात दिलं. जोडवी मात्र निघेनात. लग्नापासून न काढलेली, बोटं त्यांच्याभोवती सुजलेली. साबण लावून झाला, दोरा गुंडाळून झाला. शेवटी तिनंच बाहेरच्या रिक्षावाल्याकडून पक्कड मागून आणवली आणि पायरीवर बसून एकेक जोडवं स्वतः उघडलं. मी पुढं झालो तर म्हणाली, "तुला जमायचं न्हाई. ऱ्हाऊ दे."

आत तिची तपासणी चालू होती, तेवढा वेळ आबा मूठ आवळून बसले होते. मुठीत मंगळसूत्र. खिशात ठेवा म्हटलं तर ऐकलं नाही.

त्या रात्री मी वाचायला बसलो. जे समजलं ते असं.

धातू लहरी 'ओढून' घेत नाही आणि पोटात साठवतही नाही. लहर धातूवर पडली की त्याच्या पृष्ठभागावर करंट वाहतो. मोबाईलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी चांदीत मिलिमीटरच्या जेमतेम पाचशेव्या भागापर्यंत शिरतात. पण तो पृष्ठभागावरचा करंट आजूबाजूच्या लहरींची मांडणी बदलतो. धातूच्या मागच्या भागाला कधी आडोसा मिळतो, तर टोकाजवळ एखाद्या ठिकाणी जोर वाढतो. म्हणजे शेजारच्या वैनी अगदीच चुकीचं बोलत नव्हत्या!

प्रश्न आहे मापाचा. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटीमीटर लांब असते, १८०० ची सुमारे १७. धातूच्या तुकड्याची लांबी साधारण लहरीच्या निम्म्याजवळ असेल, तो योग्य दिशेला असेल आणि फोन अगदी जवळ असेल, तर तो ॲन्टेनासारखा वागतो. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी चेहऱ्याजवळच्या धातूच्या दागिन्यांचा असा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला होता. पायातली जोडवी लहान, आणि फोन कानाशी. तिथपर्यंत पोचेतो लहरीत जोर उरतोच किती?

शरीर किती ऊर्जा शोषतं त्याला 'सार' म्हणतात. मोजमाप वॉट प्रति किलो. आपल्याकडे २०१२ च्या सप्टेंबरपासून फोनसाठी एक ग्रॅम पेशींमागे १.६ ही मर्यादा आली. मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ही चाचणी ज्या कृत्रिम डोक्यावर करतात, त्याचं माप अमेरिकी सैन्यातल्या पुरुषांच्या मोजमापांवरून घेतलेलं आहे. त्या डोक्याला ना नथ, ना कुडी, ना गळ्यात कोल्हापुरी साज! आईचा प्रश्न त्या डोक्याला कुणी विचारलेलाच नाही. तो खुळा नव्हता.

एमआरआयचं यंत्र मात्र वेगळ्याच जातीचं. १.५ टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा सुमारे तीस हजार पट जोरदार. शिवाय ते सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतं, आणि नेहमीच्या तपासणीत अख्ख्या शरीरासाठी दोन वॉट प्रति किलोपर्यंत मुभा असते. फोनची मर्यादा एका ग्रॅमसाठी, ही सगळ्या देहासाठी. अशा ठिकाणी बंद कडी सापडली की तिच्यात करंट फिरतो आणि ती तापते. इतकंच काय, पेशंटनं हाताची बोटं एकमेकांत गुंतवली तरी शरीराचीच कडी तयार होते, म्हणून हात वेगळे ठेवायला लावतात.

लोकांची भीती विकणारेही भेटले. २०२१ च्या डिसेंबरमध्ये नेदरलँड्सच्या सरकारी यंत्रणेनं दहा वस्तूंबद्दल इशारा दिला. त्यातल्या काही फाइव्ह-जीपासून 'संरक्षण' देणारी पदकं म्हणून विकल्या जात होत्या, आणि त्या वस्तूच किरणोत्सारी निघाल्या. घ्या!

पुढच्या रविवारी गावी गेलो तेव्हा आईला हे सगळं सांगितलं. कडीचं तिला लगेच कळलं. "म्हंजे डाख दिलेली कडी आन् उघडी कडी, ह्यात फरक," ती म्हणाली. मी तासभर वाचून जे शिकलो, ते तिच्या बोटांना साठ वर्षं माहीत होतं.

"मग मोबाईलवर बोलताना काढू का न्हाई?"

"नको काढू. फार वेळ बोलायचं असेल तर स्पीकर लावून, फोन लांब धरून बोल."

"मी स्पीकरवरच बोलती. मागाच्या आवाजात कानाला लावून काय ऐकू येतंय?"

तेही खरंच.

कंबरेच्या मणक्यातली गादी सरकलेली निघाली. व्यायामानं आता बरीच बरी आहे. जोडवी तिनं त्याच दिवशी मिरजेत पायरीवर बसून पुन्हा घातली आणि पक्कडीनं दाबून घेतली. उजव्या पायातलं एक जरा वाकडं बसलंय. सोनाराकडून सरळ करून आणू का विचारलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. परत काढायला सोपं."

असो. हे लिहायचं कारण एवढंच. पुढच्या वेळी आईनं काही विचारलं, तर फोन ठेवायच्या आधी "बघून सांगतो" एवढं तरी म्हणायचं ठरवलंय.