टेकडीवरची मुख्य सभा

रविवारी सकाळी साडेसहाला उठणं हा माझ्या लेखी गुन्हाच आहे. पण ११ जानेवारी २०२६ चा रविवार वेगळा होता. चार दिवसांवर पुणे महापालिकेचं मतदान आलेलं आणि फ्लॅटमेट म्हणाली, ''निवडणूक समजून घ्यायचीय ना? मग टीव्ही बंद कर आणि वेताळ टेकडीवर जा. खरी मुख्य सभा तिथे भरते.''

गेले, बॉस. डोक्यावर कानटोपी, डोळ्यांत झोप.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सगळ्यात उंच जागा. एका बाजूला पाषाण, एका बाजूला कोथरूड, एका बाजूला लॉ कॉलेज रोड आणि मधोमध हा एवढा मोठा हिरवा-तपकिरी ढीग. वर वेताळाचं देऊळ आणि दगडाची जुनी खाण, तिच्यात साठलेलं पाणी. जानेवारीत गवत पिवळं पडलेलं असतं, मोर दिसत नाही पण ओरडतो. खाली शहर धुक्यात बुडालेलं. हॉर्नचा आवाज तेवढा वर येतो.

खाणीजवळच्या दगडांवर मंडळी जमली होती. कानटोपीवाले काका (रिटायर्ड इंजिनिअर), तांब्याच्या बाटलीवाल्या काकू (वीस वर्षं रोज टेकडी), हेडफोन गळ्यात अडकवलेला आयटीवाला आणि कोपऱ्यात मी, पत्रकार असल्याचं लपवत. फार काळ लपलं नाही. ''तुम्ही प्रेसवाल्या का? मग लिहा!'' काकूंनी फर्मान काढलं.

विषय अर्थातच रस्ता. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत, टेकडीच्या कुशीतून जाणारा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता. शिवाय टेकडीच्या पोटातून बोगद्यांचा प्रस्ताव. एप्रिल २०२३ मध्ये याच्याविरोधात लोक रस्त्यावर उतरले होते, प्रकरण कोर्टातही गेलं.

''रस्ता झालाच पाहिजे,'' काका म्हणाले. ''नळस्टॉपला संध्याकाळी सात वाजता उभे राहून बघा. २०२२ मध्ये डबलडेकर पूल झाला, तरी गाडी हलत नाही.''

''पूल करूनही हलत नाही, मग रस्ता करून कशी हलेल?'' काकू.

''अहो, लोकसंख्या वाढते!''

''मग टेकड्या पण वाढवा की!''

हशा पिकला. पण मी हसले नाही, कारण माझी गोची झाली होती. आठवड्यातून चार दिवस मी कोथरूडहून सेनापती बापट रोडला जाते आणि त्या सिग्नलवर बसून मनातल्या मनात त्या रस्त्याचं उद्घाटनही करते. आणि इथे आले की वाटतं, एक झाडसुद्धा हलता कामा नये. एकाच मुलीची दोन मतं. कुठलं खरं?

मग काकूंनी मुद्द्यालाच हात घातला. ''रस्ता हवा की नको, हे भांडण होऊ दे. पण भांडायचं कुणाशी? मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली. जवळजवळ चार वर्षं प्रशासक. स्थायी समिती तेच, मुख्य सभा तेच. प्रस्ताव मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच. विरोधात हात वर करायला सभागृहात एक तरी माणूस नको?''

''नगरसेवक नव्हते म्हणून निदान कामं तरी झाली,'' काका पुटपुटले. ''नाहीतर होतेच की सगळे. बाकडी बसवायची आणि बाकड्यावर स्वतःचं नाव टाकायचं.''

खरं सांगू? दोघांचंही पटलं.

आयटीवाला इतका वेळ गप्प होता. त्याचा इश्यू वेगळा. दोन्ही राष्ट्रवादींनी मिळून मेट्रो आणि बस मोफत करायचं आश्वासन दिलं होतं. ''फुकट नकोय मला,'' तो म्हणाला. ''जून २०२५ मध्ये पीएमपीचं कमीत कमी तिकीट ५ वरून १० रुपये झालं. दिलं मी. पण बस येऊ दे ना! वीस मिनिटं थांबून शेवटी रिक्षा करावी लागते.''

काकांनी लगेच मिळकतकर काढला. स्वतः राहत असलेल्या घराची चाळीस टक्के सवलत गेली होती, ती २०२३ मध्ये परत मिळाली, पण त्यासाठी पीटी-३ अर्ज भरत बसावं लागलं. ''आधी काढून घ्यायचं, मग परत द्यायचं आणि वर फ्लेक्स लावायचा. हा त्यांचा फंडा!''

एवढ्यात एन्ट्री झाली. पांढरा शर्ट, मागे दहा-बारा कार्यकर्ते, सगळ्यांचे बूट कोरे करकरीत. उमेदवार! प्रत्येकाच्या हातात पत्रक, चेहऱ्यावर संक्रांतीच्या आधीच तिळगूळ. काकूंनी विचारलं, ''रस्त्याला तुमचा हो की नाही?''

''सर्वांना विश्वासात घेऊन निर्णय घेऊ.''

''म्हणजे हो?''

''म्हणजे… विकासही झाला पाहिजे आणि पर्यावरणही जपलं पाहिजे.''

''म्हणजे नाही?''

उमेदवारांनी सेल्फी काढला आणि उतरायला लागले. माझ्या बॅगेत तोवर वेगवेगळ्या पक्षांची सात पत्रकं जमली होती. बसून सगळी वाचली. हरित पुणे, स्मार्ट पुणे, सुरक्षित पुणे सगळं होतं. या रस्त्याबद्दल एका ओळीचं हो किंवा नाही कुठेच नव्हतं.

उतरताना गोखलेनगरच्या बाजूला एका टपरीवर चहा घेतला. ताईंना विचारलं, तुमचं काय मत, रस्ता हवा की टेकडी? त्यांनी गाळणी आपटली. ''टेकडी तुमची, रस्ता पण तुमचाच. माझ्याकडे नळाला पाणी पहाटे येतं. कधी येतं, कधी नाही. त्याच्यासाठी मी साडेचारला उठते. तुम्ही फिरायला उठता तेव्हा माझा अर्धा दिवस झालेला असतो.''

चहा गरम होता, तरी मी एकदम गार पडले. दोन तास चाललेल्या आमच्या मुख्य सभेत पाणी हा शब्द एकदाही आला नव्हता. खाणीतल्या पाण्याचे फोटो मात्र मी अकरा काढले होते.

पुण्यात प्रभाग चार जणांचा (एक प्रभाग पाचाचा). म्हणजे प्रत्येकाला चार मतं. अ, ब, क, ड. पक्षवाले सांगतात, चारही बटणं एकाच चिन्हासमोरची दाबा. मी घरी येऊन चार कागद घेतले. एकावर लिहिलं टेकडी, दुसऱ्यावर रस्ता, तिसऱ्यावर बस, चौथ्यावर नळ. आणि पुढचे तीन दिवस उमेदवारांच्या कार्यालयात फोन करून चारही प्रश्न विचारले. तिघांनी फोन कट केला. दोघांनी नीट उत्तरं दिली. त्यातलं एक उत्तर मला आवडलं नाही, पण ते स्पष्ट होतं. त्या बाईंना मी मत दिलं.

मतदान १५ जानेवारीला होतं, म्हणजे नेमकं किंक्रांतीला! २०१७ च्या मतदानाला मी एकोणीस वर्षांची होते आणि मित्रमैत्रिणींबरोबर लोणावळ्याला गेले होते. सुट्टी होती ना! त्यामुळे महापालिकेसाठीचं हे माझं पहिलंच मत. बोटावरच्या शाईकडे बघताना थोडी लाज वाटली आणि थोडं भारीही वाटलं.

१६ तारखेला निकाल लागला. १६५ जागांच्या सभागृहात भाजपला स्पष्ट बहुमत मिळालं. १८ च्या रविवारी मी परत टेकडीवर. (हो, साडेसहाला. स्वतःहून.) काका-काकूंचं भांडण जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे चालू होतं. फरक एवढाच, की काकूंनी नव्या नगरसेवकांचे चारही नंबर मोबाइलमध्ये सेव्ह केले होते. काकांनी त्यातल्या एकाला आदल्याच दिवशी फोन लावला होता. रस्त्यासाठीच, अर्थात!

मी हळूच म्हटलं, ''पुढच्या फोनला पाण्याचंही विचाराल? गोखलेनगरच्या.''

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मग काकूंनी मोबाइल पुढे केला. ''तूच विचार की. लाव फोन!''

ती सात पत्रकं माझ्या फ्रिजवर चिकटवलेली आहेत. पाच वर्षं तिथेच राहणार.

जायचंय? : सेनापती बापट रोडच्या बाजूने, पंचवटीतून किंवा कोथरूडकडून वर जाता येतं. सूर्योदयाच्या सुमाराला चढा, पाणी बरोबर न्या, प्लास्टिक परत आणा. बूट जुने असले तरी चालतील. मत मात्र स्वतःचं हवं, वर विचारतात.