तेतुआनच्या चित्राभोवती

स्पेन-मोरोक्को युद्धातली तेतुआनची लढाई झाली 4 फेब्रुवारी 1860 ला. चित्रकार मारिया फोर्तुनी मोरोक्कोत पोचला तो त्यानंतर. बार्सिलोनाच्या प्रांतिक मंडळाने ज्या विजयाची चित्रे काढायला त्याला धाडले, तो विजय त्याने पाहिलाच नाही. वय अवघे 21. मार्चमधली वाद-रासची लढाई तेवढी त्याला बघायला मिळाली.

*

फोर्तुनी रेउसचा, जनरल प्रिमही रेउसचाच. या युद्धात कातालान स्वयंसेवक प्रिमच्याच हाताखाली लढले. मंडळाला हे चित्र का हवे होते, ते वेगळे सांगायला नको.

*

नमुना बघून ये म्हणून मंडळाने त्याला फ्रान्सला पाठवले. व्हर्सायला ओरास व्हर्नेचे चित्र आहे: अल्जीरियाच्या अब्द-अल-कादिरच्या छावणीवर फ्रेंचांचा छापा, लांबी 20 मीटरच्या वर. असेच काहीतरी आम्हालाही करून दे! सरकारी गिऱ्हाईक सगळीकडे सारखेच.

*

फोर्तुनीचा कॅनव्हास 3 मीटर उंच, जवळजवळ पावणेदहा मीटर रुंद. सरसेनापती ओ'दॉनेल, प्रिम आणि स्पॅनिश फौज पार मागे, धुरळ्यात. पुढे, आपल्या अंगावर येतात ते पळणारे मोरोक्कन घोडेस्वार. मध्ये उघडी, उन्हाने भाजलेली जमीन पसरलेली. ज्यांच्या पैशाने चित्र काढायचे ते लांब आणि हरलेले जवळ, ही मांडणी मला फार आवडते. मंडळाला कितपत आवडली असती, शंकाच आहे.

*

1862 ला तो पुन्हा मोरोक्कोत गेला, याच चित्राच्या तयारीसाठी. पण पुढच्या वर्षांत हातून उतरले ते गारुडी, नालबंद, बंदुकांचे बार काढत नाचणारे अरब. तेतुआन रेंगाळले. शेवटी त्याने घेतलेली उचल परत केली. 1874 साली रोममध्ये हिवतापाने गेला, 36 व्या वर्षी. अपुरे चित्र मंडळाने नंतर वारसांकडून विकत घेतले.

*

माद्रिदच्या संसदेपुढचे दोन सिंह याच युद्धात जिंकलेल्या तोफांच्या धातूचे. ते मात्र पुरे झाले.

*

युद्धचित्रे काढणाऱ्या होसे कुसाक्सची गोष्ट फोर्तुनीच्या उलटी. तोफखान्यातला अधिकारी, स्पेनमधल्या कार्लिस्ट यादवी युद्धात लढलेला. नोकरी सोडून बार्सिलोनात चित्रकार झाला. तोफगोळे जवळून पाहिलेल्या या माणसाच्या चित्रांत रक्त क्वचितच दिसते. कवायती, कूच, पावसाळी रस्ते, अधिकाऱ्यांची व्यक्तिचित्रे. गणवेश अगदी काटेकोर, चेहरे कधीकधी ठोकळेबाज, घोडे अप्रतिम. मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियासलाही त्याने घोड्यावर बसवूनच रंगवले.