मापटे आणि दाणे

आमच्या घरात एक ‘स्टुडिओ’ आहे, हे वाचून वाचकांनी दबून जाण्याचे कारण नाही. नऊ फूट लांब आणि सात फूट रुंद अशी ती मूळची अडगळीची खोली. २०२० साली कॉलेज बंद पडले आणि ज्ञानेश्वर-तुकाराम घरबसल्या शिकवण्याची पाळी आली, तेव्हा मी तेथे एक टेबल, एक मायक्रोफोन आणि चार हजारांना मिळालेला जुना ऑडिओ इंटरफेस मांडला. त्या दिवसापासून माझी चौकशी करणाऱ्यांना आमच्या सौभाग्यवती सांगतात, “हे स्टुडिओत आहेत. मोठं पातेलंही तिथंच आहे.”

पुढे कॉलेज सुरू झाले, पण खोली तशीच राहिली. तिला एक नवे काम मिळाले होते. माझी आई वाई तालुक्यातल्या एका खेड्यातली. तरुणपणी कित्येक वर्षे तिने पहाटे उठून जात्यावर दळण दळले आणि दळता दळता ओव्या म्हटल्या. आज ती एकोणऐंशी वर्षांची आहे. गी प्वातवां आणि हेमा राइरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे मी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगत असे. एके दिवशी घरी आलो, तर आई स्वयंपाकघरात लसूण सोलत स्वतःशीच काही गुणगुणत होती. आपण ज्याचे गोडवे गातो तो ठेवा आपल्याच घरात आहे आणि आपण तो एकदाही नीट ऐकलेला नाही, हे माझ्या ध्यानात आले. मला माझीच लाज वाटली.

मी चार ओव्या मुद्रित केल्या आणि ऐकल्या. आईच्या आवाजामागे पावसाळी वाऱ्यासारखी सूं अशी खसखस होती आणि तिच्याही खाली एक गुणगुण. गुन्हेगार कोण, हे मी क्षणात ठरवून टाकले. तो कन्व्हर्टर!

या कन्व्हर्टरची ओळख करून द्यायला हवी. मायक्रोफोनमधून येते ती विजेची लहर, आणि संगणकाला समजतात ते आकडे. त्या लहरीची उंची क्षणोक्षणी मोजून तिचे आकडे करणारा इंटरफेसमधला भाग म्हणजे कन्व्हर्टर. १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली, तिच्यासाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा करतात आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवतात. आजच्या चोवीस बिटांच्या यंत्रांत या पायऱ्या एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक असतात. अर्थात विजेच्या मंडलांची स्वतःची सूक्ष्म खसखस असते आणि तिच्यात तळच्या कित्येक पायऱ्या बुडूनच जातात. माझ्या जुन्या डबीतही पायऱ्या तितक्याच होत्या. परंतु एखादी वस्तू घ्यायचीच, असे ज्याने मनाशी ठरवले आहे, त्याला अशा गोष्टी दिसत नाहीत.

मला हवा होता तो इंटरफेस अडतीस हजारांचा. प्राध्यापकाचा पगार घराच्या हप्त्यांना आणि मुलीच्या फीला पुरतो. मग उत्तरपत्रिका तपासणीचे मानधन बाजूला पडू लागले, दिवाळीचा सदरा रद्द झाला. रात्री मी निरनिराळ्या यंत्रांचे तक्ते समोर ठेवून एकशे अकरा डेसिबल बरे की एकशे अठरा, याचा विचार करी. आई मधूनमधून विचारी, “अरे, म्हणायच्यात का ओव्या?”

“थांब गं जरा. चांगलं यंत्र येऊ दे.”

असे मी म्हणालो, एकदा नव्हे, वर्षभर.

वर्ष सरता सरता माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो आता ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय करतो. माझी बचत आणि माझा बेत त्याने शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, “सर, आधी मोजू या.” त्याने मायक्रोफोनच्या जागी एक छोटा बंद प्लग बसवला आणि यंत्राची स्वतःची खसखस मोजली : उणे ८४ डेसिबल. मग मायक्रोफोन जोडला आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितले : उणे ५२. “म्हणजे खोलीचा गोंगाट यंत्राच्या खसखशीच्या चाळीसपट आहे, सर. कन्व्हर्टर बिचारा समोर येईल ते मोजतोय.” त्याने लॅपटॉपचा चार्जर काढला. ती गुणगुण जादू झाल्यासारखी नाहीशी झाली! भिंतीपलीकडचा फ्रीज बंद केला, पंखा बंद केला, दोरीवर चार गोधड्या टांगल्या आणि मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणला. खर्च शून्य रुपये.

आईला मी हे सारे समजावून सांगितले. ती म्हणाली, “म्हंजे मापटंच की रं ते. मापटं पितळेचं घेतलं म्हणून जुंधळा वाढतो व्हय?” पुष्कळ तक्ते वाचूनही मला जे उमगले नव्हते, ते तिने एका वाक्यात सांगून टाकले.

दुसऱ्या दिवशी मी तिला त्या नीरव खोलीत गोधड्यांच्या मध्ये बसवले. यंत्र चालू केले. आई गप्प. तिने दोन ओव्या म्हटल्या, तिसरी अर्ध्यावर सोडली आणि आपल्या हातांकडे पाहत राहिली. “हात मोकळा हाय. जातं असतं तर आठवलं असतं.” भावावरच्या ओव्यांची एक लांबलचक माळ ती म्हणत असे. लहानपणी मी ती अंथरुणात पडून कितीदा तरी ऐकली होती. ती माळ म्हण म्हणून मी सांगितले. तिने दोनदा सुरुवात केली आणि मान हलवली. “गेल्या वरसाला म्हटली असती.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती असती तर बरे झाले असते, असे मला वाटून गेले.

अडतीस हजारांचा बेत मी त्याच रात्री मोडला. गावाकडच्या परसात आमचे जाते पालथे पडले होते. पाथरवट शोधून त्याला टाकी लावून घेतली आणि टेंपोत घालून ते घरी आणले. सगळे मिळून तीन हजारांच्या आत भागले. स्टुडिओतले टेबल बाहेर आले आणि जाते आत गेले. पहाटे आई पाय पसरून बसली, खुंट्याला हात घातला, मूठभर जुंधळा वैरला आणि जात्याची घरघर सुरू झाली. मी कष्टाने मिळवलेली शांतता पार बुडाली. आणि त्या घरघरीवर ओवी आली. तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. त्या सकाळी त्रेचाळीस ओव्या झाल्या.

भावाची माळही आली, पण सलग नाही. मध्ये मध्ये शब्द हरवलेले आहेत. तेथे आई नुसता सूर धरते, जाते फिरत राहते आणि पुढचा शब्द सापडला की ती पुन्हा ओवीत शिरते. ते तुकडे कापून टाकणे संगणकावर अगदी सोपे आहे. मी ते ठेवले आहेत.

जुनी डबी अजून चालते आहे. बंद पडेल त्या दिवशी नवी घेईन, तोवर घाई नाही. आता पहाटे ओव्या व्हायच्या असल्या की आमच्या सौभाग्यवती स्वतःहून फ्रीज बंद करतात. दळण संपले की आई जात्याभोवतीचे पीठ हाताने सारखे करते आणि मला विचारते, “मापलंस का समदं?”

मी “होय” म्हणतो आणि पाटी उचलायला वाकतो.