रात्रीची लाईट अन् मोबाईलवरची रमी

आज पिकाचं नाही, माझं स्वतःचं लिहितोय.

२०२३ चा रब्बी. हरभऱ्याला रात्रीची लाईट होती. वाफा भरेपर्यंत बसून काय करायचं, म्हणून मोबाईलवर रमी लावली. पहिल्या रात्री पन्नास टाकले, तीनशे आले. तिथंच फसलो. नंतर गेलेले काढायला अजून टाकत गेलो. वाफा फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलं तरी भान नव्हतं.

सोयाबीनच्या पट्टीचे ४२ हजार पंधरा रात्रींत संपले. सोसायटी भरायला ठेवलेले होते. घरी सांगितलं, व्यापाऱ्यानं दिले नाहीत. मंडळी थेट आडतीवर गेली, तेव्हा खोटं उघडं पडलं. मार्चअखेर हुकली अन् बिनव्याजी कर्जाला व्याज लागलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. तरी माझ्या मोबाईलवर लिंक येतेच.

पोरांनो, शेतात घातलेला पैसा एखाद्या साली बुडतो, पण रान राहतं. इथं काहीच राहत नाही. ते पहिले पन्नास टाकूच नका. सुटत नसेल तर टेलिमानसला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे. अन् घरी खरं सांगा. मी उशिरा सांगितलं.