तीन बोटे

माझे आजोबा कृष्णाकाठच्या एका लहानशा गावी वैद्यकी करीत, आणि रोग्याचा हात त्यांनी आपल्या हाती घेतला म्हणजे ओसरीवर चाललेली सगळी बोलणी आपोआप थांबत, हे मला इतक्या वर्षांनंतरही स्पष्ट आठवते. अंगठ्याच्या मुळाखाली तीन बोटे ठेवून, डोळे अर्धवट मिटून ते पुष्कळ वेळ स्वस्थ बसत. मग फडताळातून एखादी पुडी काढून पथ्य सांगत. त्या बोटांना काय कळले, हे त्यांनी रोग्याला कधी सांगितले नाही, माझ्या वडिलांना सांगितले नाही, आणि आपल्या हाताखाली बारा वर्षे खल घोटणाऱ्या गड्यालाही सांगितले नाही. ते गेले तेव्हा मागे एक दगडी खल, काही रिकाम्या बरण्या आणि मोडी अक्षरांनी भरलेली एक वही, एवढी इस्टेट राहिली. वहीतल्या औषधांपुढे वजने नव्हती. ती त्यांनी मुद्दामच लिहिली नसावीत.

पुढे पन्नास वर्षांनी तीच तीन बोटे मला इंग्लंडात पुन्हा भेटली. माझा खांदा धरला होता, हात डोक्यापर्यंत जाईना, आणि डॉक्टरांच्या गोळ्यांनी रात्रीपुरता उतार पडे. तेव्हा एका स्नेह्याच्या आग्रहावरून मी चिनी वैद्यक करणाऱ्या आणि ते शिकविणाऱ्या एका वृद्ध इंग्रज बाईंकडे गेलो. खोलीत शिरताच नाकात भरला तो मोक्साचा धूर. ज्या पाल्याची लोकर करून चिनी वैद्य ती सुईच्या टोकाशी जाळतात, तो आपल्या दवण्याच्याच कुळातला. त्यामुळे बकिंगहॅमशायरच्या त्या थंड दुपारी मला एकाएकी चैत्रातला जोतिबाचा डोंगर आठवला. बाईंनी माझे मनगट एका उशीवर ठेवले आणि शिरेवर तीन बोटे टेकली. प्रथम पाण्यावर पान तरंगावे इतकी हलकी, मग किंचित दाबून, मग थेट हाडापर्यंत. डावा हात झाल्यावर उजवा. मग जीभ पाहिली, तिच्या कडा, मुळाशी जमलेला थर. आणि यानंतर जे घडले ते माझ्या आजोबांच्या ओसरीवर कधी घडले नव्हते: बाईंनी मला सगळे सांगितले. "डाव्या हातावर मधल्या बोटाखाली यकृताची नाडी पाहतात. तुमची इथे तारेसारखी ताणलेली लागते. चिनी भाषेत हिला श्यान म्हणतात, म्हणजे वाद्याची तार. तुम्हीच बोट ठेवून पाहा." मी बोट ठेवले. सत्तरीला आलेल्या मला माझ्याच मनगटाची ओळख त्या दिवशी प्रथम झाली.

चिनी वैद्यकात प्रत्येक मनगटावर तीन स्थाने मानलेली आहेत, त्सुन, ग्वान आणि छ्र. डाव्या हाती हृदय, यकृत व मूत्रपिंड, उजव्या हाती फुप्फुस, प्लीहा व पुन्हा मूत्रपिंडच, अशी सर्वसाधारण वाटणी. आणि या स्थानांवर वर, मध्ये व खोल दाबून नाडीचे अठ्ठावीस प्रकार ओळखायचे, असा हा शास्त्राचा पसारा आहे. वांग शूह याने नाडीवरचा स्वतंत्र ग्रंथ तिसऱ्या शतकात लिहिला. आपल्याकडे तीन बोटांखाली वात, पित्त आणि कफ, आणि त्यांच्या गती सर्पाच्या, बेडकाच्या व हंसाच्या. परंतु चरक-सुश्रुतांच्या संहितांत नाडीपरीक्षेचे प्रकरण नाही, ते शार्ङ्गधराच्या संहितेत येते, आणि ही विद्या आपल्याकडे आली कोठून याविषयी पंडितांत वाद आहे. आजोबांना हा वाद ठाऊक असता तर ते कितपत विचलित झाले असते कोण जाणे.

इंग्लंडला मात्र ही नाडी नवी नाही. लिचफील्ड गावचा सर जॉन फ्लॉयर हा वैद्य सतराव्या शतकाच्या अखेरीपासून नाडीच्या मागे लागला होता. 1682 साली फ्रँकफर्टला छापलेल्या, चिनी वैद्यकावरच्या एका लॅटिन ग्रंथातून त्याने पूर्वेकडील नाडीविद्या समजून घेतली, बरोबर एक मिनिट चालून थांबणारे घड्याळ करवून घेतले आणि 1707 साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. चिनी वैद्याच्या बोटांना जे कळते ते इंग्रज वैद्याला घड्याळाने मोजता यावे, ही त्याची आकांक्षा. याच फ्लॉयरने 1712 मध्ये लहानग्या सॅम्युएल जॉन्सनला गंडमाळांसाठी अ‍ॅन राणीच्या हस्तस्पर्शाकरिता लंडनला न्यावे असा सल्ला दिला. मिनिटांचा हिशेब आणि राजहस्ताची श्रद्धा एकाच माणसात नांदत होती, आणि ते मला मुळीच विसंगत वाटत नाही; रोग्याच्या उशाशी बसणाऱ्याला दोन्हींची गरज लागते.

परंतु या देशात चिनी वैद्यक रुजले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि ते रुजविणाऱ्यांत जोवान्नी माचोचा यांचे नाव मी सर्वांत वर ठेवीन. 1945 साली नेपल्स येथे जन्मलेला हा इटालियन गृहस्थ इंग्लंडात आला, ससेक्समधील ईस्ट ग्रिन्स्टेडच्या विद्यालयातून 1974 साली सुईची चिकित्सा शिकून बाहेर पडला, आणि तेवढ्यावर संतुष्ट न राहता 1980, 1982 व 1987 असा तीन वेळा नानजिंगला जाऊन तेथील रुग्णालयांतून शिकला. मूळ ग्रंथ वाचता यावेत म्हणून त्याने चिनी भाषा आत्मसात केली. मेट्रोपॉलिटन रेल्वे जेथे संपते त्या अ‍ॅमरशॅम गावी, बीच वृक्षांच्या रानांनी वेढलेल्या त्या टेकड्यांत, त्याने आपली वैद्यकी मांडली. (गावातील जुन्या बाजाराची इमारत 1682 ची, म्हणजे त्या लॅटिन ग्रंथाच्याच वर्षातली, हा योगायोग मला तेथे गेलो असता उगाच सुखावून गेला.) दिवसा रोगी पाहायचे आणि उरल्या वेळात लिहायचे, असा त्याचा क्रम अनेक वर्षे चालला. 1987 साली जिव्हापरीक्षेवरचा ग्रंथ, 1989 साली चिनी वैद्यकाच्या मूलतत्त्वांवरचा तो जाडजूड ग्रंथ, 1994 साली चिकित्सेवरचा. पुढे स्त्रीरोगांवर, निदानावर, मनोव्यापारांवर. यांपैकी 1989 च्या ग्रंथावर जगभरच्या विद्यालयांतून पिढ्या शिकल्या. 2018 साली तो वारला.

चिनी ग्रंथांतील सूत्र, आजच्या रोग्याच्या तक्रारी आणि स्वतः योजलेला उपचार ही तिन्ही त्याने एकाच पानावर शेजारी शेजारी मांडली, यामुळे मला त्याचे मोल वाटते. ज्याला खोटे ठरवायचे असेल त्यालाही त्याने सामग्री पुरविली. वजने गाळलेली वही त्याने मागे ठेवली नाही.

त्याच्यावर आक्षेप नाहीत असे नाही. 1950 नंतर चीनच्या सरकारने पाठ्यपुस्तकांसाठी वैद्यक सुटसुटीत करून घेतले, त्यात प्राचीन ग्रंथांचा प्राण गेला, आणि माचोचा यांनी पश्चिमेला दिले ते हेच सोपे केलेले रूप, असे म्हणणारा एक अभिजातवादी पक्ष येथे आहे. लेमिंग्टन स्पा येथे जे. आर. वर्स्ली यांनी चालविलेला पंचतत्त्वांचा संप्रदाय आणखी निराळाच. हा झगडा माझ्या मते चांगल्या प्रकृतीचे लक्षण आहे.

बाईंनी एकदा मला आपल्या वर्गात बसू दिले. नऊ विद्यार्थी होते. एक जण मेजापाशी हात पुढे करून बसला. बाकीच्यांनी पाळीपाळीने येऊन त्याची नाडी पाहिली, आणि एकमेकांशी चकार शब्द न बोलता आपापल्या चिठ्ठीवर निदान लिहिले. शेवटी बाईंनीही लिहिले. मग सगळ्या चिठ्ठ्या उघडून फळ्यावर मांडल्या. पाच जणांना उजव्या हाताची मधली नाडी क्षीण लागली होती, दोघांना निसरडी, एकाला काहीच वेगळे लागले नव्हते. आणि बाईंची चिठ्ठी पाचांशी जुळत नव्हती, दोघांशी जुळत होती. त्यांनी त्या पाचांना पुन्हा मनगट पाहायला लावले, बोटे कशी झुकवावीत ते दाखविले, पाचांपैकी तिघांना फरक कळला, दोघांना कळला नाही. आणि तसे फळ्यावर लिहून त्यांनी वर्ग संपविला. स्वतःची चिठ्ठी शिष्यांच्या चिठ्ठ्यांबरोबर उघडी टाकणारा गुरू मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

येथील कायदा या विद्येला फार मान देतो असे नाही. लंडनबाहेर सुई टोचणाऱ्याला आपली नोंद स्थानिक कौन्सिलच्या दफ्तरी करावी लागते, आणि 1982 च्या कायद्याच्या ज्या भागात हे कलम आहे त्याच भागात गोंदणाऱ्यांचे आणि कान टोचणाऱ्यांचेही कलम आहे. 1995 साली पाच संघटना एकत्र येऊन ब्रिटिश अ‍ॅक्युपंक्चर कौन्सिल स्थापन झाले, परंतु त्याचे सदस्यत्व ऐच्छिक. सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या संस्थेने कंबरदुखीसाठी सुयांची शिफारस 2009 मध्ये केली, 2016 मध्ये मागे घेतली आणि 2021 मध्ये दीर्घकालीन वेदनांच्या एका प्रकारासाठी पुन्हा मान्य केली. वनस्पतींची गोष्ट याहून गंभीर. अ‍ॅरिस्टोलोकिया या वेलीने बेल्जियममध्ये शंभरांवर लोकांची मूत्रपिंडे निकामी केली, येथेही इसबावर चिनी काढे घेणाऱ्या स्त्रियांना ती भोवली, आणि 1999 साली तिच्यावर बंदी आली. दुसऱ्याच वनस्पतीच्या नावाने ती बाजारात विकली जाई. बाई हा धडा पहिल्याच वर्षी शिकवितात, आणि एरवी मृदू असणारा त्यांचा आवाज त्या दिवशी कठोर असतो. ज्या वैद्याला आपल्या विद्येतले विष मोठ्याने सांगता येत नाही, त्याच्या हाती मी माझे मनगट देणार नाही.

मी महाराष्ट्रातला हे कळल्यावर बाईंनी एक नाव उच्चारले, "के दीहुआ." मला बोध होईना. मग त्यांनी सांगितले: तुमचे डॉक्टर कोटणीस! सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते शस्त्रक्रिया करायला, आणि 1942 च्या डिसेंबरात बत्तिसाव्या वर्षी तेथेच गेले, हे आपण शाळेपासून जाणतो. शीचियाच्वांगला त्यांची समाधी आहे आणि बाईंनी ती पाहिली होती. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बसू पुढे चीनमध्ये सुयांची चिकित्सा शिकले आणि ती त्यांनी भारतात आणली, हे मात्र मला त्या इंग्रज बाईंकडून कळावे याची मला लाज वाटली.

खांदा चार महिन्यांत सुटला. सुयांनी सुटला की काळाने, हे मी ठरवू शकत नाही, आणि बाईंनीही तसा दावा केला नाही. त्या हिवाळ्यात मी पुण्याहून आजोबांची वही मागविली आणि मोडी शिकू लागलो. आजवर अकरा पाने लागली आहेत. सातव्या पानावर नाडीविषयी साडेतीन ओळी आहेत, आणि चौथी ओळ मध्येच तुटली आहे. ज्यांच्या माळ्यावर अशी वही असेल त्यांनी ती रद्दीत घालू नये. आणि ज्यांच्या घरी अजून नाडी पाहणारे कोणी हयात असेल, त्यांनी त्यांच्याजवळ बसून, त्या बोटांना काय कळते ते विचारून, वजनांसकट लिहून घ्यावे.