अब्बांचे कान

गेली तीन वर्षं अब्बा आणि मी मिळून एक इंजिन बांधतोय. शेवरोलेटचं, 235 घनइंची, म्हणजे साधारण 3.9 लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडरचं जुनं पेट्रोल इंजिन. ते एका जीपच्या लांबवलेल्या चासीत बसवून ड्रॅग रेसला न्यायचं, असा बेत आहे. ड्रॅग रेस म्हणजे सरळ रेषेत पाव मैल, 402 मीटर. उभ्या गाडीने सुटायचं, पलीकडे पोचायचं, खेळ खलास. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. "वीस सेकंदांसाठी तीन वर्षं?" असं लोक विचारतात. मी हसून सोडून देतो. शर्यत अजून व्हायची आहे. त्याआधी मला अब्बांच्या कानांबद्दल लिहायचं आहे.

आमचं गॅरेज बुटीबोरीला, हायवेच्या कडेला. एमआयडीसी भरात यायच्या आधीपासूनचं. अब्बा बाराव्या वर्षी नागपूरच्या मोमीनपुऱ्यात एका उस्तादांकडे चेला म्हणून लागले. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली आणि 1954 मध्ये गाशा गुंडाळला, पण शेवरोलेटचे ट्रक त्यानंतरही कित्येक वर्षं रस्त्यावर होते. पेट्रोल परवडेना तसे मालक ती इंजिनं उतरवून पर्किन्स पी-6 सारखी डिझेल इंजिनं बसवून घेऊ लागले. अब्बांचं पहिलं काम म्हणजे उतरवलेल्या पेट्रोल इंजिनांचे नट रॉकेलमध्ये धुणं. घरात आम्ही नागपुरी हिंदी बोलतो, पण इंजिनाची सगळी अक्कल अब्बांनी मला वऱ्हाडीत दिली. ड्रायव्हर-क्लीनर सगळे इकडचेच, त्यामुळे गॅरेजची भाषा तीच.

सहा सिलिंडर एका ओळीत का, हे त्यांनी मला लहानपणी बोटांवर शिकवलं. पहिला आणि सहावा पिस्टन बरोबर वर, बरोबर खाली. तसेच दुसरा आणि पाचवा. तसेच तिसरा आणि चौथा. तीन जोड्या एकमेकींपासून 120 अंशांवर. एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो, म्हणून हे इंजिन मुळातच शांत चालतं. पेटण्याचा क्रम एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. तो मला पाढ्यांच्या आधी पाठ होता.

पण शर्यतीसाठी हीच लांबी आड येते. क्रँक लांब, आणि या इंजिनात त्याला आधार चारच मेन बेअरिंगचा. फार फिरवलं की क्रँक पिळवटतो. दुसरी अडचण हवेची. मधोमध एकच कार्बोरेटर, त्यामुळे टोकाच्या सिलिंडरांना मिश्रण कमी पडतं. 1953 च्या पहिल्या कॉर्व्हेटमध्ये कंपनीने याच 235 वर तीन कार्बोरेटर बसवून 150 हॉर्सपॉवर काढली होती. आम्हीही तीन सोलेक्स बसवले, मॅनिफोल्ड पाइप कापून स्वतः वेल्ड केला. सिलिंडर बोअर करून नवे अॅल्युमिनियमचे पिस्टन घातले. या इंजिनाला 1954 पासून शेल बेअरिंग आणि पूर्ण दाबाचं ऑइलिंग आलं. आमचं त्यानंतरच्या बनावटीचं आहे, म्हणून एवढी हिंमत केली.

आता कानांकडे येतो. अब्बांची ख्याती कानाची. चालू इंजिनावर लांब पेचकस टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, "चार नंबरचा टॅपेट ढिला हाय." फिलर गेज नंतर, आधी कान. काही वर्षांपूर्वी ते जुम्म्याच्या नमाजवरून आले की कुरकुर करू लागले, "इमामसाहेब आजकाल तोंडातल्या तोंडात बोलतात." इमामसाहेब तेच होते, आवाजही तोच. नागपूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आलेख काढला. रेघ बरीच सपाट, आणि चार हजार हर्ट्‌झपाशी एकदम खड्डा. गोंगाटात आयुष्य काढलेल्यांचा आलेख असाच येतो, असं ते म्हणाले. खालचे, जाड आवाज शाबूत असतात. वरचे, बारीक आवाज आधी जातात. माणसाच्या बोलण्यातले स, श, त, फ तिथलेच. म्हणून बोलणं कानावर पडतं, पण शब्द कळत नाही. अब्बांनी आलेख उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "झिजलेल्या कॅमसारखा दिसून राहिला." कानाचं मशीन घेतलं. गॅरेजमध्ये ते हातोडाही तेवढाच मोठा करतं, म्हणून ड्रॉवरमध्ये पडून असतं.

गेल्या हिवाळ्यात माझी चूक झाली. ताकद वाढवायची तर कॉम्प्रेशन वाढवायचं, म्हणून मी हेड घासून घ्यायचं ठरवलं. अब्बा म्हणाले, "एक मिलिमीटर. वर नाही. काढलेलं लोखंड परत येत नाही, बाबू." मी दोन मिलिमीटर काढून आणलं आणि त्यांना सांगितलं नाही. साडेसातचं कॉम्प्रेशन साडेआठच्या घरात गेलं. वर डिस्ट्रिब्युटर फिरवून स्पार्कही थोडा आधी केला. त्यांना कळणार नाही असं मला वाटलं होतं. का वाटलं, ते मला ठाऊक आहे, आणि लिहिताना लाज वाटते.

एमआयडीसीत एका बंद कारखान्याचं आवार आहे. मालकाच्या परवानगीने तिथे रविवारी चाचणी घेतली. अब्बा गेटपाशी खुर्चीवर. मी तीनदा पूर्ण दाबून गाडी पळवली. इंजिन खेचत होतं, मी खूश. दाब दिला की एक बारीक आवाज येत होता, डब्यात खडे हलवावेत तसा. मी त्याला टॅपेट समजलो.

अब्बांनी विचारलं, "काऊन रे, आवाज कसा येऊन राहिला?"

"मस्त, अब्बा. थोडे टॅपेट वाजतात."

"दाब देल्यावर वाजतात, का रिकाम्यातही?"

मी थबकलो. टॅपेट रिकाम्या चालीतही वाजतो. हा आवाज फक्त दाबाखाली येत होता.

त्यांनी प्लग काढायला लावले. सहाही प्लग ओळीने कापडावर ठेवले, खिशातून भिंग काढलं आणि एकेकाची चिनीमाती उन्हात धरून पाहिली. दोन आणि पाच नंबरवर मिरपुडीएवढे चकचकीत कण होते. "हे पाय. पिस्टन हाय हा." मिश्रण सांगितल्या वेळी जळत जाण्याऐवजी उरलेलं एकदम भडकत होतं आणि पिस्टनच्या डोक्यावरून अॅल्युमिनियमचे कण उडत होते. आणखी काही फेऱ्या, आणि पिस्टनला भोक. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "हेड किती घासलं?" मी खरं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. वजूची वेळ झाली होती, उठून नळाकडे गेले.

रात्री मी हिशेब मांडला. नव्वद मिलिमीटरच्या आसपासच्या सिलिंडरमध्ये हा ठोका साधारण सहा हजार हर्ट्‌झच्या पुढे वाजतो. म्हणजे आलेखात अब्बांची रेघ जिथे बसली आहे त्याच भागात. ज्याला तो आवाज म्हणजे काय हे ठाऊक होतं त्याला तो ऐकू येत नव्हता. ज्याला ऐकू येत होता त्याला तो कळला नव्हता. दोघे मिळून आम्ही एक पुरा मिस्त्री होतो. मी खोटं बोललो आणि त्यातला अर्धा भाग काढून घेतला.

मी एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरी करतो. तिथे कानात प्लग घातल्याशिवाय शॉप फ्लोअरवर पाऊल टाकता येत नाही. पहिल्याच दिवशी शिकवतात की 85 डेसिबलमध्ये आठ तास ठीक, त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. सायलेन्सर काढलेलं इंजिन सहज शंभरी पार करतं. हे मी वर्षानुवर्षं पाठ म्हणत होतो, कार्ड लटकवून गेटबाहेर पडत होतो आणि दोन किलोमीटरवर अब्बांच्या शेजारी उघड्या कानांनी उभा राहत होतो. कुंपणाच्या आत कान कंपनीचे असतात. हायवेवरच्या मिस्त्रीचे कान कोणाच्याच हिशेबात नसतात, त्याच्या स्वतःच्याही नाही. आमच्या बिरादरीतले कितीतरी हात याच धंद्यात आहेत, गॅरेजात, खरादीवर, डेंटिंगमध्ये. त्यांच्या घरी जा. टीव्हीचा आवाज ऐका. मग कळेल.

घासलेलं लोखंड परत आलं नाही. आम्ही तांब्याच्या जाड पत्र्याचं गॅस्केट हाताने कापलं, तापवून पाण्यात बुडवून मऊ केलं आणि हेडखाली घातलं. स्पार्क मागे घेतला. ताकद थोडी गेली. पुढच्या रविवारी पुन्हा त्याच आवारात गेलो. मी उतरून जसा येत होता तसा आवाज सांगितला, काही न लपवता. इंजिन रिकाम्या चालीत चालू होतं. अब्बांनी रॉकर कव्हरवर पंजा ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, "आता ठीक हाय. प्लग काढ, पाहू."

प्लग स्वच्छ होते, फिके तपकिरी.

गॅरेजमध्ये आता खिळ्यावर तीन इअरमफ लटकतात. एक माझं, एक अब्बांचं, एक आमच्याकडे नव्या लागलेल्या पोराचं. अब्बा म्हणतात, "माह्यासाठी काय कामाचं आता?" पण पोरगा घालतो की नाही, त्यावर नजर त्यांचीच असते.