राजासारखं नव्हे, पंडितासारखं

छत्रपती संभाजीनगरात (आधीच्या औरंगाबादेत) विद्यापीठाकडे जाताना नागसेनवन लागतं. वैशाखात हे शहर भट्टीसारखं तापतं, पण तिथं झाडांखाली पुस्तक उघडून बसलेली मुलं दिसतात. तिथून जाताना मला दरवेळी एक जुना संवाद आठवतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली इथं महाविद्यालय सुरू केलं. निजामाची राजवट संपून जेमतेम दोन वर्षं झाली होती. पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे. गरिबाच्या, त्यातून दलिताच्या पोराला ती कुठून परवडणार? पुढच्या वर्षी १ सप्टेंबरला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. बाबासाहेबांनी महाविद्यालयाला नाव दिलं मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. एक प्रश्न विचारणारा ग्रीक राजा, दुसरा त्याला उत्तरं देणारा भिक्खू.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात दोघांच्या वादाच्या सुरुवातीच्या टप्प्यातला एक प्रसंग आहे. राजा म्हणतो, चर्चा करू. नागसेन विचारतो, पंडितासारखी की राजासारखी? पंडितांच्या वादात कुणी चूक दाखवली, तर दुसरा ती मान्य करतो, रागावत नाही. राजे मात्र एक बाजू धरतात आणि विरोधात बोलणाऱ्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद कबूल करतो : पंडितासारखं बोलू, भन्ते, तुम्ही मोकळेपणानं बोला. सिंहासनावरच्या माणसानं आधी समोरच्याची भीती काढून घेतली आणि मगच पुढचा प्रश्न टाकला. नेतृत्वाबद्दल याहून खोल काही मी वाचलेलं नाही.

वाळूजच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी काही वर्षं काढली. सकाळची मीटिंग रिजेक्शनच्या आकड्यानं सुरू व्हायची आणि ‘कुणामुळं झालं?’ यावर संपायची. सगळ्यांच्या माना खाली. मग एक नवे साहेब आले. पहिल्याच आठवड्यात ते मीटिंग सोडून थेट प्रेस शॉपमध्ये गेले. पत्र्याच्या कडेला बर येत होती, हाताला लागत होती. साहेबांनी तुकडा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि मशीनवरच्या वयस्क ऑपरेटरला विचारलं, “मामा, तुम्हाला काय वाटतं?”

मामांनी आधी सुपरवायझरकडं पाहिलं. मग म्हणाले, “डायचा आवाज बदललाय साहेब, चार दिस झाले.”

“मग सांगितलं नाही?”

“इचारलं कुठं कुणी?”

साहेब चिडले नाहीत. तिथंच डाय उतरवायला लावली. कड झिजलेली निघाली. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्यांनी मामांना खुर्ची दिली, आणि पुढं हळूहळू पोरं आपणहून बोलायला लागली. मीही त्यांच्यातलाच. वरिष्ठांसमोर ‘मला हे पटत नाही’ म्हणायला मी तिथं शिकलो; पगारवाढीपेक्षा ती कमाई मोठी.

नागसेनवनातही असंच काहीसं घडलं असणार, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. प्राचार्य म. भि. चिटणीस, पुढं म. ना. वानखडे अशा माणसांच्या हाती ते घर होतं. अमेरिकेत शिकून आलेल्या वानखड्यांनी तिथल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य इथल्या मुलांपुढं ठेवलं. गंगाधर पानतावणे इथंच शिकवत होते. त्यांचं ‘अस्मितादर्श’ याच शहरातून निघालं आणि पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसवलेली माणसं त्यात लिहिती झाली. बाबासाहेब १९५६ साली गेले. त्यांनी लावलेली प्रश्न विचारायची सवय मात्र मागं राहिली.

आज शेंद्र्यात, बिडकीनला नवे कारखाने उभे राहताहेत. तिथं खुर्चीवर बसणाऱ्या तरुण साहेबांना आणि मॅडमना माझी विनंती आहे : पहिल्या मीटिंगला जाण्याआधी एकदा नागसेनवनात चक्कर मारा. आणि मीटिंगमध्ये सगळ्यांत शेवटी बसलेल्या माणसाला आधी विचारा.